टर्मिनलची अक्कल

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या एखाद्या बँकेत पासबुक भरायला आलेल्या माणसाला विचारलं असतं, की कॉम्प्युटर कुठाय, तर त्यानं क्लार्कच्या पुढ्यातल्या हिरव्या अक्षरांच्या डब्याकडे बोट दाखवलं असतं. तो डबा कॉम्प्युटर नव्हता. त्याला फ्लॉपी घालायची फट नव्हती, आत हार्ड डिस्क नव्हती आणि बंद केला की पडद्यावरचं सगळं तो विसरून जायचा. खरा कॉम्प्युटर आतल्या एसी लावलेल्या छोट्या खोलीत असायचा. त्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायचं, तेही साहेबांनी सांगितलं तर. तिथल्या एकाच यंत्राच्या पाठीतून आठ-दहा वायरी निघायच्या आणि भिंतीच्या कडेकडेनं काउंटरपर्यंत यायच्या. प्रत्येक वायरीच्या टोकाला एक पडदा आणि एक कीबोर्ड. या टोकावरच्या वस्तूला टर्मिनल म्हणत.

आतलं यंत्र अडकलं की सगळे काउंटर एकदम थिजायचे. रांगेतला माणूस चिडायचा, क्लार्क हात वर करायचा आणि कोणीतरी आत जाऊन यंत्र पुन्हा चालू करेपर्यंत चहा व्हायचा. ज्या व्यवस्थेत अक्कल एकाच जागी ठेवलेली असते, तिचा हा स्वभावच आहे. टर्मिनलचा इतिहास बघितला तर तो याच एका प्रश्नाभोवती फिरतो: अक्कल आतल्या खोलीत ठेवायची की काउंटरवर, आणि काउंटरवर ठेवायची तर किती? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर पैशानं आणि मेमरीच्या किमतीनं दिलं. आपल्याकडे त्यात देवनागरी मधे आली, आणि उत्तर बदललं.

या डब्याच्या आधीची पिढी कागदावर छापायची. अमेरिकेच्या टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ चं. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पीटीआयच्या बातम्या ज्यावर खडखडत यायच्या, त्या टेलिप्रिंटरच्याच जातीतलं. सेकंदाला १० अक्षरं, सगळी कॅपिटल. माणूस टाइप करायचा, वायरीतून अक्षर संगणकाकडे जायचं, संगणकाचं उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटायचं. युनिक्स आणि लिनक्समध्ये टर्मिनलला अजूनही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते या टेलिटाइपवरून.

साठच्या दशकाच्या शेवटी कागदाच्या जागी काच आली. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ गावी नासामधून बाहेर पडलेल्या दोन इंजिनिअरांनी, फिल रे आणि गस रोश यांनी, १९६८ मध्ये कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. त्यांचा डेटापॉइंट ३३०० हा टर्मिनल १९६९ मध्ये आला. त्याचं काम इतकंच, की टेलिटाइप जिथे लावला असेल तिथून तो काढावा आणि हा डबा लावावा. समोरच्या संगणकाला फरक कळताच कामा नये. पडद्यावर २५ ओळी, ओळीत ७२ अक्षरं. लोक अशा यंत्रांना थट्टेनं काचेचा टेलिटाइप म्हणत. कागद वाचला, आवाज गेला, बाकी अक्कल तेवढीच.

तरीही पडदा आला की थोडी अक्कल विकत घ्यावीच लागते. कागदावर छापलेलं अक्षर तसंच राहतं, पण काचेच्या आतला फॉस्फर क्षणात विझतो. पडद्यावर अक्षर टिकवायचं तर ते सेकंदाला ५०-६० वेळा पुन्हा काढावं लागतं, आणि पुन्हा काढायचं तर कुठे काय होतं हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणजे मेमरी हवी. पुढे जो आकार रूढ झाला तो २४ ओळी आणि ८० अक्षरांचा. हा ८० चा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रांच्या कार्डावरून आलेला, कारण त्या कार्डावर ८० उभे रकाने असायचे. २४ गुणिले ८० म्हणजे १९२० अक्षरं. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण १९७० मध्ये तेवढी मेमरी हीच टर्मिनलमधली मोठी खर्चाची बाब होती.

याच कंपनीची पुढची वस्तू म्हणजे डेटापॉइंट २२००. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण आज तुमच्या-आमच्या टेबलावरच्या बहुतेक कॉम्प्युटरांचं मूळ तिथं आहे. कंपनीची अडचण साधी होती. प्रत्येक बड्या संगणकाची टर्मिनलशी बोलण्याची तऱ्हा वेगळी, मग प्रत्येकासाठी वेगळा डबा कुठे बनवत बसणार? त्यांनी ठरवलं की एकच डबा करायचा आणि त्याला टेपवरून कार्यक्रम भरता येईल एवढी बुद्धी द्यायची. मग आज या संगणकासारखं वागायला शिकवा, उद्या त्या. १९७० मध्ये जाहीर झालेल्या २२०० ला दोन कॅसेट ड्राइव्ह होते आणि पडदा १२ ओळींचा, ८० अक्षरी होता. आडवा, बुटका, बरोबर छिद्रांच्या कार्डाच्या घडणीचा.

त्याचा आज्ञासंच व्हिक्टर पूअर आणि हॅरी पाइल यांनी आखला. हा सगळा पसारा एका चिपवर बसवून द्या, असं इंटेलला सांगण्यात आलं. इंटेलची चिप उशिरा आली आणि जी आली तीही मंद होती. कंपनीनं कंटाळून सुटे भाग जोडून आपलं यंत्र बाजारात आणलं आणि चिप इंटेलकडेच राहिली. इंटेलनं ती १९७२ मध्ये ८००८ या नावानं विकायला काढली. तिच्या पुढच्या पिढ्या म्हणजे १९७४ ची ८०८० आणि १९७८ ची ८०८६, आणि ८०८६ चे वंशज आजच्या बहुतेक लॅपटॉपांत आहेत. डेटापॉइंटच्या पहिल्या यंत्रातली मेमरी एकेक बिट पुढे सरकवणारी होती, म्हणून मोठ्या संख्येचा हलका भाग आधी ठेवणं तिला सोयीचं पडे. ती सवय चिपमध्ये गेली आणि आजही इंटेलच्या प्रोसेसरमध्ये टिकून आहे. टर्मिनल बनवणाऱ्यांच्या एका सोयीचं ओझं अख्खं जग पन्नास वर्षं वाहतंय, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही. खरेदी करणाऱ्यांनी मात्र लवकर ओळखलं, की या ‘टर्मिनल’वर आपला पगारपत्रकाचा कार्यक्रमही चालतो. मग बड्या संगणकाला जोडायचं कशाला? टर्मिनल जास्त शहाणा झाला की तो टर्मिनल राहत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

आयबीएमनं दुसरी वाट धरली. १९७१ च्या त्यांच्या ३२७० मालिकेत पडदा स्वतः फार हुशार नव्हता, पण तो संगणकाला प्रत्येक कीमागे त्रास देत नव्हता. संगणक एकदाच पूर्ण फॉर्म पडद्यावर पाठवायचा. त्यातल्या काही जागा कुलूपबंद, काही भरायच्या. ऑपरेटर निवांत भरायचा, चुकलं तर खोडायचा, आणि एंटर दाबल्यावरच बदललेल्या जागांपुरता मजकूर परत जायचा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपण जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकतो आणि मग एकदाच बटण दाबतो, ती रीत तीच. एक मोठा संगणक त्यामुळे शेकडो पडद्यांना पुरे पडायचा. विमा कंपन्या आणि बँका यांनी ३२७० इतकी वर्षं का सोडला नाही, याचं कारण यात आहे.

तिसरा प्रवाह छोट्या संगणकांचा आणि आपल्या बँकांशी जास्त नातं असलेला. ह्यूलेट-पॅकार्डनं १९७४ मध्ये २६४० हा टर्मिनल काढला, त्यात इंटेलची तीच ८००८ होती. पडद्यावरून वर निघून गेलेल्या ओळी तो लक्षात ठेवायचा आणि मागे जाऊन दाखवायचा. मग १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक कंपनीचा व्हीटी १०० आला. त्यात ८०८० होती आणि कीबोर्ड पडद्यापासून सुटा होता. आधीच्या टर्मिनलांत वेग वगैरे बदलायचा तर झाकण उघडून किंवा मागे हात घालून बारीक स्विच सरकवावे लागत. व्हीटी १०० मध्ये ‘सेटअप’ची की दाबली की पडद्यावरच यादी यायची आणि निवडलेलं वीज गेली तरी टिकायचं. ओळीत ८० ऐवजी १३२ अक्षरंही घेता यायची, म्हणजे प्रिंटरवरचा रुंद अहवाल पडद्यावर मावायचा.

पण व्हीटी १०० चा खरा वारसा त्याच्या हुकमांत आहे. समजा, क्लार्कनं खाते क्रमांक टाकलाय आणि १२ व्या ओळीत ३० व्या जागी शिल्लक दाखवायची आहे. अडाणी टर्मिनलला खालून ओळी सरकवत न्यायचं एवढंच येतं, म्हणून अख्खा पडदा नव्यानं पाठवावा लागतो. शहाण्या टर्मिनलला संगणक एक गुप्त निरोप पाठवतो: आधी एस्केप हे न दिसणारं अक्षर, मग उघडता चौकोनी कंस, मग १२, अर्धविराम, ३०, आणि शेवटी एच. एवढी आठ अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत. टर्मिनल ती वाचतो, समजतो आणि कर्सर नेमका तिथे नेऊन ठेवतो. पुढे फक्त रकमेचे आकडे. असेच हुकूम पडदा पुसायला, अक्षरं उलट्या रंगात दाखवायला, लुकलुकवायला. पूर्वी प्रत्येक कंपनीचे हुकूम निराळे होते. व्हीटी १०० नं अमेरिकेच्या प्रमाण संस्थेत ठरत असलेली पद्धत उचलली आणि तो इतका खपला, की इतरांना त्याची नक्कल करावी लागली.

या आठ अक्षरांची किंमत कळण्यासाठी वायरीचा हिशेब करून पाहू. ९६०० बॉडच्या सिरियल वायरीत एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. १९२० अक्षरांचा पूर्ण पडदा यायला बरोबर दोन सेकंद. शाखेतल्या शाखेत हे चालून जातं. पण टेलिफोनवरच्या ३०० बॉडच्या मोडेमवर तोच पडदा ६४ सेकंद घेतो, आणि टेलिटाइपच्या वेगानं तीन मिनिटांच्या वर. तिथे आठ अक्षरांत काम होणं म्हणजे चैन नव्हे, गरज. बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉय यानं ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला तो अशाच मंद मोडेमवर. त्यातले हुकूम एकेका अक्षराचे का, हे त्यावरून कळतं.

जॉयच्या पुढ्यातला टर्मिनल लीअर सिग्लर कंपनीचा एडीएम-३ए, १९७६ चा. किंमत हजार डॉलरच्या आत, आणि जाहिरातीत कंपनी स्वतःच त्याला अभिमानानं ‘डम्ब टर्मिनल’ म्हणायची. स्वस्त आहे म्हणून अडाणी आहे, घ्या! कर्सर हवा तिथे नेण्याएवढी अक्कल मात्र त्यात होती. त्यावर बाणांच्या वेगळ्या की नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. ‘होम’ आणि ~ हे चिन्ह एकाच कीवर होतं. आज कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी लिनक्सच्या काळ्या खिडकीत एच-जे-के-एलनं कर्सर हलवते आणि आपल्या होम फोल्डरला ~ लिहिते, ते त्या कीबोर्डमुळे. आणि ती काळी खिडकी स्वतः व्हीटी घराण्याची नक्कल करत असते.

आपल्याकडे पडद्याची सुरुवात तशी लवकरच झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं घरीच बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये चालू झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याच्याबरोबर आकृती आणि अक्षरं दाखवणारी कॅथोड रे नळीची जोडणीही संस्थेत तयार झाली होती. पण सर्वसामान्य माणसासमोर पडदा यायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८५ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाचं संगणकीकरण सुरू झालं, डेकच्याच व्हॅक्स यंत्रांवर, सीएमसी या सरकारी कंपनीकडून. खिडकीपलीकडचा बाबू जाड रजिस्टरऐवजी पडद्याकडे बघून बर्थ सांगू लागला, हा अनेकांचा टर्मिनलशी पहिला परिचय.

बँकांत गाडी जरा अडखळत निघाली. नोकऱ्या जातील या भीतीनं कर्मचारी संघटनांचा विरोध होता, आणि तो अगदीच हवेतला नव्हता. १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि शाखांमध्ये खतावणी लिहिणारी यंत्रं शिरली. मग हळूहळू एक ३८६ किंवा ४८६ यंत्र, त्यावर झेनिक्स किंवा एससीओ युनिक्स, पाठीमागे आठ-सोळा सिरियल तोंडांचं कार्ड आणि काउंटरवर व्हीटी किंवा वाइज जातीचे टर्मिनल अशी मांडणी दिसू लागली. पतपेढ्या, सहकारी बँका, साखर कारखान्यांची हिशेब खाती, दूध संघ असलेल्या आपल्या जिल्ह्याला ही मांडणी मानवण्यासारखीच होती. एका पीसीच्या किमतीत दोन-तीन टर्मिनल बसत, धूळ आणि उंदीर यांनी त्यांचं फार बिघडत नसे आणि क्लार्कला त्यावर पत्ते खेळता येत नसत. शेवटचा मुद्दा मॅनेजर लोकांना विशेष आवडायचा.

शहाण्या टर्मिनलची एक खुबी बँकेत रोज कामाला यायची. त्याच्या पाठीला प्रिंटरसाठी आणखी एक तोंड असायचं. आतला संगणक एस्केप, चौकोनी कंस, ५ आणि आय असा हुकूम पाठवायचा, की त्यापुढचं सगळं पडद्यावर न दाखवता टर्मिनल थेट पासबुकाच्या प्रिंटरकडे ढकलायचा. छपाई संपली की तसाच हुकूम, फक्त ५ च्या जागी ४. हा दुसरा हुकूम वायरीत कुठे गळाला, तर पुढचा मेन्यूही पासबुकातच छापला जाणार. आणि दिवसभर एकच मेन्यू दाखवून दाखवून काचेतला फॉस्फर झिजायचा. बंद टर्मिनल उन्हात तिरका धरला तर त्यावर ‘डे एंड’चा चौकट-मेन्यू भुतासारखा दिसायचा.

या सगळ्यात एक गोष्ट चालली नाही: मराठी. पासबुकावर नाव इंग्रजीत, पावतीवर इंग्रजीत. याचं खापर बँकेच्या अनास्थेवर फोडायची आपल्याला सवय आहे, पण यंत्राचा दोष मोठा होता. अमेरिकन टर्मिनलची सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: एक कळ, एक संकेत, एक चौकोन. ए आला की ए काढायचा आणि एक घर पुढे जायचं. व्हीटी १०० मध्ये एका अक्षराच्या वाट्याला १० ठिपके रुंद आणि १० ठिपके उंच इतकीच जागा. इंग्रजी त्यात आरामात बसते. आता आपल्या जिल्ह्यातलं ‘अर्जुनवाड’ घ्या. ज च्या डोक्यावर रफार, मधे शिरोरेघ, पायाशी उकार. दहा ठिपक्यांच्या उंचीत हे तीन मजले चढवणं अवघड.

उंची वाढवली तरी प्रश्न सुटत नाही. ‘गडहिंग्लज’ टाइप करून बघू. ग, ड, ह, पहिली वेलांटी, अनुस्वार, ग, हलन्त, ल, ज असे नऊ संकेत वायरीतून येतात. ह आला, पडद्यावर काढला. त्यानंतर वेलांटी आली, पण ती ह च्या आधी दिसायला हवी. म्हणजे काढलेला ह पुसून पुढे सरकवायचा आणि त्याच्या जागी वेलांटी बसवायची. अनुस्वाराला स्वतःचं घर नाही, त्यानं मागे जाऊन डोक्यावर बसायचं. मग ग पूर्ण काढला जातो, हलन्त आला की त्याचा काना छाटायचा आणि ल येताच दोघांचं जोडाक्षर करायचं. नऊ संकेत आले, पण पडद्यावर नऊ घरं भरली नाहीत. आतल्या संगणकाला यातलं काही माहीत नसतं, त्याच्या हिशेबी कर्सर नऊ घरं पुढे गेलेला असतो. इंग्रजी टर्मिनल अडाणी असला तरी निभावतं. मराठी टर्मिनल अडाणी असूच शकत नाही. आलेले संकेत लक्षात ठेवणं, त्यांच्यापासून आकार घडवणं आणि प्रत्येक नव्या संकेताबरोबर मागचा आकार मोडून पुन्हा घडवणं एवढं काम त्याला टोकावरच करावं लागतं.

हे काम झालं ते पुण्यात. मूळ संशोधन आयआयटी कानपूरमधलं. १९८३ मध्ये तिथे तयार झालेला देवनागरी संगणक-टर्मिनल दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला गेला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली हे तंत्र तिथे ‘जिस्ट’ नावानं वाढलं. पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड निघालं, आणि युनिक्सच्या यंत्रांना जोडायचा जिस्ट टर्मिनलही. बाहेरून बघता हा व्हीटी घराण्यातलाच टर्मिनल. तेच एस्केपचे हुकूम तो पाळायचा, म्हणून जुने कार्यक्रम त्यावर चालायचे. भाषेची की दाबली की कीबोर्ड इनस्क्रिप्ट व्हायचा, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. विजय भटकरांचा ‘परम’ महासंगणक १९९१ मध्ये आला आणि सी-डॅक म्हटलं की लोकांना तोच आठवतो. माझ्या मते सामान्य माणसाच्या आयुष्यावर जास्त परिणाम जिस्टचा झाला. परमवर फार थोड्यांनी काम केलं, पण मोबाइलवर मराठी लिहिणारा प्रत्येकजण जिस्टच्या वेळी घेतलेल्या एका निर्णयावर उभा आहे.

तो निर्णय इस्कीचा. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये प्रमाण केलेल्या या संकेतावलीत आकारांना नव्हे, वर्णांना संकेत दिले. साठवायचं ते नुसतं ग, हलन्त, ल; ग्ल कसं दिसेल ही टर्मिनलची डोकेदुखी. यामुळे यादी वर्णमालेच्या क्रमानं लावता आली, नाव शोधता आलं. त्याच काळात छपाईसाठी जे मराठी फॉन्ट निघाले, त्यांतल्या बहुतेकांत अर्धा ग, वेलांटी, रफार अशा तुकड्यांना संकेत होते. दिसायला सुंदर, पण फॉन्ट बदलला की मजकुराचा बट्ट्याबोळ. ज्यांनी पेजमेकरमध्ये काम केलंय, त्यांना हे सांगायला नको. इस्कीचा आणखी एक फायदा सीमाभागाला कळण्यासारखा आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतातल्या प्रमुख लिप्यांना तिनं तेच संकेत दिले. त्यामुळे साठवलेलं ‘निपाणी’ एका कळीनं देवनागरीत दिसे, दुसऱ्या कळीनं कन्नडमध्ये. साठवण एकच, वाद पडद्यापुरता.

जिस्ट बसवताना एक घोळ मात्र व्हायचाच. इंग्रजीला सात बिट पुरतात, म्हणून सिरियल वायर बरेचदा सात बिटांवर लावलेली असे. इस्कीला आठही लागतात. आठवा बिट गळाला की प्रत्येक मराठी वर्णाचा संकेत बरोबर १२८ नं कमी होतो आणि भलतंच अक्षर उमटतं. ग च्या जागी इंग्रजी ५, ड च्या जागी प्रश्नचिन्ह, वेलांटीऐवजी उघडता चौकोनी कंस, ज च्या जागी दोन टिंबं. गडहिंग्लजच्या खातेदाराला पडद्यावर आपल्या गावाची अशी दशा दिसली की तो काय म्हणेल, ते इथे छापण्यासारखं नाही. उपाय साधा: टर्मिनलच्या सेटअपमध्ये जाऊन आठ बिट, पॅरिटी बंद. हे माहीत असलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात देवासारखा पूजला जायचा.

युनिकोडनं देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरूनच आखला. साठवायचे वर्ण आणि घडवायचे आकार ही विभागणी तशीच राहिली, फक्त टर्मिनलमधलं आकार घडवण्याचं काम आता फोनमधलं सॉफ्टवेअर करतं. हिरवे पडदे दोन हजारनंतर भराभर गेले. पीसी स्वस्त झाले आणि काउंटरवर रंगीत खिडक्या आल्या. पण त्याच सुमारास कोअर बँकिंगही आलं, खाती शाखेतल्या यंत्रातून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेली. क्लार्कच्या पुढ्यात आता अख्खा संगणक आहे आणि तो काम करतो ३२७० चं. लाइन गेली की तो तसाच थिजतो, आणि रांगेतला माणूस तसाच चिडतो. सिरियल वायर मात्र पूर्ण मेली नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढली की वजनाचे आकडे बरेचदा अजून तशाच वायरीतून संगणकात उतरतात. शिरोली एमआयडीसीसारख्या वसाहतींतल्या जुन्या सीएनसी मशीनलाही प्रोग्रॅम याच वायरीनं भरतात.

टोकावर अक्कल किती ठेवायची, हा प्रश्न पूर्ण ताकदीनं विचारला गेला तो मात्र वारणेला. कोल्हापूरपासून जवळच, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी पैसा घातला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, तांत्रिक बाजू सांभाळली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, त्यांत पन्नासाच्या वर केंद्रं, प्रत्येक केंद्रात पीसी. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीची कागदपत्रं, इंटरनेट, सगळं गावातच मिळणार असं स्वप्न होतं. देशभरातून आणि परदेशांतून लोक बघायला आले.

काही वर्षांनी केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालतं ते बघितलं, तर बहुतेक काम एकाच प्रकारचं होतं. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खताची परमिटं, आणि कारखान्यावर आपला ऊस किती गेला तो आकडा. शेतकरी यायचा, आपला कोड सांगायचा, ऑपरेटर बघून सांगायचा. शाळकरी मुलांना शिकवता येईल, जगाशी जोडता येईल अशा ताकदीचं यंत्र हिरव्या टर्मिनलचं काम करत बसलं होतं. तेही मंद डायल-अपवर, भारनियमनात, व्हायरस आणि दुरुस्तीचा खर्च सोसत. यात ऑपरेटरची किंवा शेतकऱ्याची चूक मला दिसत नाही. ऊस उत्पादकाला त्या हंगामात जे कळायला हवं होतं, तेच तो विचारत होता. चूक झाली असेल तर टोकावर किती अक्कल लागते याचा अंदाज आधी न घेण्यात.

२००६ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी वारणेत उलटा प्रयोग केला. केंद्रावरचा पीसी काढा आणि साधा मोबाइल द्या. कारखान्यात एका पीसीला फोन जोडून ठेवा. एसएमएसनं कोड पाठवला की तो पीसी नोंदीतून आकडा काढून एसएमएसनंच उत्तर देईल. अक्कल पुन्हा आतल्या खोलीत गेली, टोकावर एक छोटा पडदा आणि काही कळा उरल्या. सात गावांत आठ महिने चाललेल्या चाचणीत जुन्या व्यवस्थेची सगळी कामं या रीतीनं झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती जास्त सोयीची वाटली. आकडा बघायला केंद्र उघडायची वाट बघत बसावं लागत नव्हतं.

एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, म्हणजे ८० अक्षरी टर्मिनलच्या बरोबर दोन ओळी. ऊस किती टन गेला आणि कुठल्या तारखेला, एवढं कळायला त्या पुरतात. तोच निरोप देवनागरीत धाडला तर मर्यादा ७० वर येते, आणि वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे तिथेही एकेक अक्षर म्हणूनच मोजले जातात.